मारबते नाकेदारांची जाळरेषा

मारबते नाकेदार जमिनीवर पडलेलं सागाचं पान उचलायचे, मुठीत चुरगाळायचे आणि ती मूठ कानाशी न्यायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा नव्या साहेबाची गंमत करतोय. मग त्यांनी ती मूठ माझ्या कानाशी धरली.

"आयका सायेब. आवाज येऊन राह्यला का?"

"नाही."

"मंग पान पोटात वलंच हाय अजून. आज जाळन्यात काई मतलब नाई."

एवढं बोलून ते पुढे चालायला लागले. आज काय करायचं आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार कागदोपत्री माझा होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कागदावर ते वनरक्षक. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे वनरक्षकाला कोणी वनरक्षक म्हणत नाही, नाकेदार म्हणतात. नाकेदाराच्या वर वनपाल, वनपालाच्या वर रेंजर. मी साताऱ्याकडचा, नुकताच वनपाल म्हणून लागलेलो, आणि पोंभुर्ण्याकडच्या जंगलात माझी ही पहिलीच नेमणूक. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पंचविशीचा साहेब आणि तुळशीराम मारबते पन्नाशी ओलांडलेले माझे हाताखालचे. माझ्या खाकीची इस्त्री मोडली नव्हती आणि त्यांच्या खाकीला इस्त्री ठाऊक नव्हती.

ते मूळचे सिंदेवाहीजवळचे. ढिवराचं घर, बापाची सगळी हयात तलावात जाळं टाकण्यात गेलेली. जंगलात तीस वर्षं काढली तरी त्यांचं मन पाण्यातच असायचं. एखाद्या उतारावर झाडं विरळ दिसली की ते झाडांबद्दल बोलतच नसत. "याच्या खालच्या बोडीत आता गाळ भरन. मंग मासोळीनं कुठी जावं?" असं म्हणून हळहळायचे. बोडी म्हणजे तिकडचा लहान तलाव. डब्यात रोज भात आणि वाळवलेल्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि मी नाक मुरडायचो. सहा महिन्यांनी मीच ती मागून खायला लागलो.

खात्याने दिलेले बूट त्यांनी खुंटीला टांगून ठेवले होते. टायरच्या चपला घालून हिंडायचे. मी एकदा नियमावर बोट ठेवलं तर म्हणाले, "बुटानं पाय वाचते सायेब, पन खालचा पाला काय म्हनते ते समजत नाई." वरिष्ठांसमोर मात्र हा माणूस पार बदलून जायचा. रेंजरसाहेबांची जीप आली की जीभ टाळ्याला चिकटायची, "हाव जी" यापलीकडे शब्द फुटायचा नाही. इकडे बायाबापड्यांशी आणि गुराख्यांशी बोलताना तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. तापटही होते. कुऱ्हाडीने विनाकारण खोड सोललेलं दिसलं की जी शिवी हासडायचे ती इथे लिहिता येत नाही.

त्यांच्या नाक्याच्या खोलीत, चुलीमागच्या भिंतीवर, कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. सुरुवातीला मला वाटलं, दूधवाल्याचा हिशेब असेल. तसं नव्हतं. कोणत्या साली नाल्याचं पाणी कधी आटलं, मोहाचं पहिलं फूल कधी पडलं, सागाने पानं कधी टाकली, हे सगळं त्या रेघांत होतं. त्यांना लिहिता यायचं, पण भिंतीवर चटकन दिसतं असं त्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी त्यांनी कंदील धरून मला ती भिंत वाचून दाखवली.

"पहिले कसं होतं, संक्रातीपासून होळीपर्यंत सकाळी दवं राहे. पाला वलाचिंब. पान गळे ते एका दमात, अन् मंग आमी रेषा जाळो. आता पाहा. या साली पान महिनाभर आधीच गळलं. या साली दोनदा गळलं. इथी भर माघात पानी आलं. जंगलाचं टाइमटेबल बिघडून राह्यलं सायेब."

हवामान बदलतंय हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा, मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या त्या भिंतीसमोर. आणि काही महिन्यांनी वरिष्ठांची पाहणी आहे म्हणून नाक्याला चुना मारून घ्यायचा हुकूम मीच काढला. भिंतीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पोहोचलो तेव्हा भिंत पांढरीशुभ्र झाली होती आणि मारबते तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होते. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "जाऊ द्या. जेवढं ध्यानात हाय तेवढं लिवून काढीन." पुढच्या आठवड्यात गेलो तर निम्म्या रेघा परत आल्या होत्या. उरलेल्या निम्म्या कधीच आल्या नाहीत.

आता जाळरेषेचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपतं. उन्हाळ्यात जंगलाला आग लागली तर ती एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरू नये म्हणून मधल्या पट्ट्यातलं गवत कापतात आणि पाल्यासकट आधीच जाळून टाकतात. तो मोकळा पट्टा म्हणजे जाळरेषा. हे काम पंधरा फेब्रुवारीच्या आत पुरं करून तसा दाखला वर पाठवायचा असा आमच्याकडे शिरस्ता. ती तारीख कोणी ठरवली, कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या काळात ठरली त्या काळातल्या थंडीला ती बरोबर असणार.

मारबत्यांचा या तारखेशी जुना दावा होता. "तारीख सायबाची, पान जंगलाचं," एवढंच म्हणायचे. त्यांची पद्धत अशी: रोज सकाळी मूठ कानाशी न्यायची, पाला जळण्याजोगा पण वारा निजलेला अशी घडी पकडायची, आणि थोडी थोडी रेषा जाळत जायची. त्यात पंधरा दिवस जात. शिवाय नंतर पुन्हा पानं गळाली की तीच रेषा झाडून घ्यायची. दाखल्यावर या दुसऱ्या झाडणीला रकानाच नव्हता.

त्यांच्या बीटात, म्हणजे राखणीच्या हद्दीत, पळसटोला नावाचं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला बांबूचं मोठं बन. मी यायच्या थोडं आधी तो सगळा बांबू फुलला होता. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. जुन्या रांज्या, म्हणजे बांबूची बेटं, वाळून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी बी पडून नवी रोपं उगवली होती, गवताच्या पात्यासारखी. ती बांबू म्हणवण्याजोगी व्हायला दहा-एक वर्षं लागतात. तोवर ढोरं शिरू द्यायची नाहीत आणि मुख्य म्हणजे आग येऊ द्यायची नाही. गावाची वन समिती झाली होती. बन वाचवलं तर बांबू गावाला मिळेल, असं ठरलं होतं. ताट्या, टोपल्या, कुंपण, घराचं छत, तिथे सगळं बांबूचंच. आणि बनाखाली गावची बोडी, बोडीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बन गेलं तर पळसटोल्याचं काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

बनाला मोठी भीती होती मोहाची. मोहाची फुलं पहाटे पडतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. दहापैकी नऊ वेळा आग झाडाखालीच विझते. दहाव्या वेळी ती बनात जाते.

मारबत्यांनी बायांना कायदा सांगितला नाही. ते शेवंताबाईच्या मोहाखाली गेले आणि झाडू लागले. शेवंताबाई म्हणजे साठीची विधवा, गावातली सगळ्यात कडक जीभ. तिचे तीन मोह बनाला अगदी लागून. अंगात खाकी, हातात खराटा, असा हा नाकेदार आठवडाभर पहाटे तिच्या झाडाखाली पाला झाडत होता. गाव बघायला जमायचं.

"भाऊ, घरी बी झाडता का?" शेवंताबाईने विचारलं.

"घरी तुमची वहिनी झाडू देत नाई. म्हनते, कोपरे सोडता."

"इथी बी सोडून राह्यले," असं म्हणून तिने खराटा त्यांच्या हातातून ओढून घेतला.

झाडलेला पाला त्यांनी खड्ड्यात कुजवायला लावला आणि तो तिच्या बांधीत टाकला. दुसऱ्या वर्षी अर्धं गाव झाडत होतं, तिसऱ्या वर्षी सगळं. चार उन्हाळे बनात ठिणगी पडली नाही. रोपं कमरेला आली. मारबते तिथून जाताना हाताने ती बाजूला सारत जायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवावा तसे. मला त्या बनाचं एवढं काही नव्हतं. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला आवडायचं.

पाचव्या वर्षी जानेवारी अखेरीस अवेळी पाऊस आला. चांगला चार दिवस लागून राहिला. जाळरेषेवरचा पाला भिजून लगदा झाला. मग एकाएकी ऊन तापलं, फेब्रुवारीतच चैत्रासारखं. पाला वरून कडक आणि आतून ओला. सकाळी पेटेना आणि दुपारी पेटला तर वारा उठलेला. मारबते रोज मूठ कानाशी न्यायचे आणि मान हलवायचे.

"थांबा सायेब. पंधरा-वीस दिस. नव वाजता जेवढी पेटन तेवढीच जाळू."

वरून मात्र रोज विचारणा चालली होती. बाकीच्या सगळ्यांचे दाखले गेले होते. एकट्या माझ्या भागाचा राहिला होता, आणि रेंजरसाहेबांनी चारचौघांत मला सुनावलं, की नाकेदार तुम्हाला चालवतो की तुम्ही नाकेदाराला? हे वाक्य मला फार लागलं. चौदा तारखेला मी बनाजवळच्या रेषेवर गेलो आणि मारबत्यांना म्हणालो, आज उरलेली सगळी रेषा जाळून टाकायची. दुपार असली तरी.

त्यांनी मुठीतला पाला खाली टाकला. "हुकूम हाय का?"

"हुकूम आहे."

त्यांनी काडी ओढली.

दोनच्या सुमाराला एक वावटळ आली. मोठी नव्हती. तिने सागाचं एक जळकं पान उचललं, रेषेवरून पलीकडे नेलं आणि वाळक्या रांज्यांत टाकलं. वाळका बांबू पेटला की पेरं फुटतात, फटाके लागल्यासारखे आवाज येतात. पहिला आवाज आला आणि मारबते पळसाची ओली फांदी घेऊन आत धावले. आम्ही बाराजण होतो. मागून गाव आलं, बाया आल्या. सूर्य मावळेपर्यंत बडवत होतो. आग विझली तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवंताबाईचे मोह तेवढे वाचले, कारण त्यांच्या खालची जमीन झाडलेली होती.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब आले. मारबत्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. साहेबांनी बन बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, घातली आणि मला बाजूला न घेताच म्हणाले, "अज्ञात इसमाने मोहाखालचा पाला जाळल्याने आग लागली, असं लिहा."

मोह पडायला अजून महिना होता. मी तसं चाचरत बोललो.

"यंदा मोह लवकर फुलला असं लिहा. तुमचा नाकेदारच सांगतो ना, सगळं लवकर होतंय म्हणून."

इतकी वर्षं ज्या माणसाचं कोणी ऐकलं नव्हतं, त्याचं म्हणणं आमच्या कार्यालयाने अखेर मान्य केलं ते असं. मारबते नेहमीप्रमाणे "हाव जी" म्हणतील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं अशी माझी इच्छा होती.

ते म्हणाले, "नाई जी."

साहेबांना वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं.

"मोह लागला नाई जी अजून. गावानं आग लावली नाई." मग ते तिथून निघाले, सरळ पळसटोल्यात गेले, समाजमंदिरापुढच्या पारावर उभे राहिले. मी मागोमाग गेलो. माणसं जमू दिली. मग म्हणाले, "आग मी लावली. काडी माह्या हातात होती. तुमच्यापैकी कोनाचं नाव आलं तं मले सांगा."

शेवंताबाई पुढेच बसली होती. तिच्या लुगड्याच्या पदराला जळून भोक पडलं होतं.

"मंग आमी चार वर्सं कायच्यासाठी झाडून राह्यलो होतो, भाऊ?"

उत्तर मारबत्यांच्या मागे उभं होतं, इस्त्रीच्या खाकीत. हुकूम माझा होता, हे एक वाक्य मला तिथे बोलता आलं असतं. मी बोललो नाही. परतताना मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, "तुमची नौकरी नवी. घरी पोरगी झाली आत्ताच." मला लाज वाटली, आणि लाजेखाली सुटल्याचं समाधानही वाटलं. दुसरं जास्त होतं.

जबाबातही त्यांनी तेच लिहून दिलं. हलगर्जीचा ठपका आला, पगारवाढ रोखली, बदली सिरोंच्याकडे झाली. तिकडे लोक तेलुगू बोलतात. नाकेदाराचं तोंड तिथे कोणाशी चालणार होतं? जायच्या दिवशी पळसटोल्यातून निरोपाला कोणी आलं नाही. मी गेलो होतो. बदलीच्या कागदावर त्यांनी अंगठा उमटवावा तशी जपून सही केली, कारण बोटं अजून दुखत होती.

मग बरीच वर्षं गेली. मला बढत्या मिळाल्या, मी नागपूरला गेलो. जंगल आणि बदलतं हवामान या विषयावर मला बोलवायला लागले. अशाच एका बैठकीसाठी सिंदेवाहीला गेलो होतो. तिथे मी सांगितलं की आता जाळरेषा ठरलेल्या तारखेला जाळणं धोक्याचं आहे, पाल्यातला ओलावा आणि वारा बघून थोडी थोडी जाळली पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी कोणीतरी माझं म्हणणं वहीत उतरवून घेतलं. मी मारबत्यांचं नाव घेतलं नव्हतं.

त्यांचं गाव तिथून जवळच, हे ठाऊक होतं. संध्याकाळी गेलो. ते तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. सेवानिवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली होती. हातांवरची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, गुलाबी. मला लगेच ओळखलं. पोरीचं विचारलं. ती कॉलेजात जाते ऐकून खूश झाले. मग जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "पळसटोल्यात बाया झाडते का अजून?"

मी वर्षापूर्वी त्या बाजूला गेलो होतो. रस्त्यावरूनच दिसलं होतं, उरलेलं चहाच्या टपरीवर कळलं होतं. सरकारी कागदांत मी पुष्कळ खोटं लिहिलं आहे. त्यांना खोटं सांगवेना.

"नाही. जाळतात परत."

"अन् बन?"

"दोनदा जळलं. आता तिथे रायमुनियाचं काटेरी झुडूपच माजलंय."

"शेवंताबाई?"

"ती गेली."

त्यांनी जाळ्याला आणखी एक गाठ मारली. "मी तवा अर्धंच सांगतलं," ते म्हणाले. "आग मी लावली एवढं सांगतलं. तारखेसाठी लावली, हे नाई सांगतलं. त्या बाया समजल्या, झाडून काई होत नाई, नाकेदारच जाळते. झाडनं बरोबर होतं. चुकली ती तारीख. ते त्याइले कोनी सांगतलंच नाई."

मी म्हणालो, मारबतेभाऊ, तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात.

"हाव. मंग मी गेलो. तुमी तं तिथीच होते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते उठले, जाळं खांद्यावर टाकलं. "मले आता पायानं जमत नाई तेवढं दूर. तुमी जाऊन सांगा एकडाव. शेवंताबाईची सून हाय. तिले सांगा." मग ते पाळ उतरून पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि माझ्याकडे पाठ करून जाळं फेकायला जागा शोधू लागले.

मी सिंदेवाहीच्या बसस्टँडवर आलो. पळसटोल्याच्या बाजूची, मूल गावावरून पोंभुर्ण्याला जाणारी गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता, जागाही होती. मी नागपूरच्या गाडीत बसलो.